व्ह्यूफाइंडरला डोळा लावलेला दिग्दर्शक

आजच्या सेटवर दिग्दर्शक मॉनिटरसमोर बसतो. कॅमेऱ्यातून जे दिसतंय ते त्याला त्याच क्षणी समोर दिसतं आणि पटलं नाही तर तो लगेच ‘कट’ म्हणतो. १९६०च्या दशकात बहुतेक सेटवर ही सोय नव्हती. दिग्दर्शक कॅमेऱ्याशेजारी उभा राहायचा आणि नट काय करतायत ते नुसत्या डोळ्यांनी बघायचा. चौकटीत नेमकं काय आलं, फोकस नटीच्या डोळ्यांवर होता की मागच्या भिंतीवर, हे त्याला फिल्म लॅबमधून डेव्हलप होऊन आल्यावरच कळायचं. चित्रण चालू असताना सिनेमा दिसायचा तो एकाच माणसाला: व्ह्यूफाइंडरला डोळा लावून बसलेल्या कॅमेरामनला.

स्वीडनच्या यान ट्रोएलचं काम समजून घ्यायचं तर सुरुवात इथून करावी लागते. ‘कॅमेरामनचा दिग्दर्शक झाला’ अशी त्याची ओळख करून दिली जाते. ऐकताना वाटतं, हा माणूस एका खुर्चीतून उठला आणि वरच्या खुर्चीत जाऊन बसला. ट्रोएल उठलाच नाही. दिग्दर्शक झाल्यावरही कॅमेरा त्याने स्वतःच चालवला, संकलनाच्या टेबलावरही बहुतेक वेळा तोच बसला. जिथून सिनेमा घडताना दिसतो ती जागा त्याने जवळजवळ पन्नास वर्षं धरून ठेवली. अमेरिकेच्या पैशावर केलेल्या दोन सिनेमांत ती सोडावी लागली, तेव्हा काय झालं तेही पुढे येईल.

आधी सेटवरची कामं कशी वाटलेली असतात ते बघू. सिनेमॅटोग्राफर प्रकाश कुठून आणि किती यावा, कोणती लेन्स लावावी हे ठरवतो. कॅमेरा हाताने फिरवणारा ऑपरेटर अनेकदा वेगळा असतो. नट जवळ आला, लांब गेला की लेन्सवरची रिंग फिरवून त्याला स्पष्ट ठेवणारा फोकस पुलर तिसरा. दिग्दर्शक या सगळ्यांशी बोलतो. त्याच्या मनातलं चित्र अशा तीन-चार जणांच्या हातांतून फिल्मपर्यंत पोचतं. यातून उत्तम काम होतं, जगातले बहुतेक थोर सिनेमे असेच झालेत. स्वीडनचा जगभर नावाजलेला दिग्दर्शक इंगमार बर्गमन आणि त्याचा सिनेमॅटोग्राफर स्वेन निकविस्ट यांनी ‘विंटर लाइट’ या सिनेमाच्या आधी चर्चमध्ये तासन्‌तास बसून हिवाळ्यातला उजेड कसा सरकतो ते पाहिलं होतं. दोघांनी मिळून पाहिलं आणि मग एकाने दुसऱ्यावर सोपवलं.

पण काही गोष्टी आधी सांगून ठेवता येत नाहीत. समजा, एक लहान मूल जेवायला बसलंय आणि मधेच ते दाराकडे बघतं. पटकथेत ते नाही. कॅमेरा दाराकडे वळवायचा, मुलाच्या चेहऱ्यावर थांबायचं, की आईचा हात थबकला का ते बघायचं? हे ठरवायला अर्धा सेकंद मिळतो. शेजारी उभ्या दिग्दर्शकाला ओरडून सांगता येत नाही. निर्णय कॅमेऱ्यामागचा माणूसच घेतो, आणि त्या अर्ध्या सेकंदापुरता दिग्दर्शक तोच असतो.

यात एक तांत्रिक गंमतही आहे. त्या काळच्या रिफ्लेक्स कॅमेऱ्यात लेन्समागे एक फिरता आरसा असतो. फिल्म सेकंदाला २४ चित्रं टिपते. आरसा बाजूला सरकला की प्रकाश फिल्मवर पडतो, समोर आला की तोच प्रकाश कॅमेरामनच्या डोळ्याकडे वळतो. म्हणजे फिल्मवर उमटणारा नेमका क्षण डोळ्याला दिसतच नाही. त्याच्या किंचित आधीचा आणि किंचित नंतरचा दिसतो. कॅमेरा चालवणारा सतत अंदाजावर, पुढचं ओळखून काम करत असतो. ट्रोएलचं दिग्दर्शन म्हणजे मुख्यतः हे ओळखणं, असं मला वाटतं.

त्याचा जन्म १९३१ सालचा, दक्षिण स्वीडनमधल्या माल्मो शहराला लागून असलेल्या लिमहामनचा. पेशाने तो प्राथमिक शाळेत शिक्षक होता. कुठल्या फिल्म स्कूलमध्ये गेला नाही. शाळा सांभाळून स्वतःच्या कॅमेऱ्यावर छोटे छोटे माहितीपट करत राहिला, तेही आपल्याच भागातल्या माणसांचे, गाडीचे, बोटीचे. याच माल्मोमध्ये बू विदरबर्ग नावाचा एक लेखक होता. स्वीडिश सिनेमा देव आणि आत्मा यांतच अडकलाय, रस्त्यावरचा साधा माणूस त्यात दिसतच नाही, अशी तक्रार त्याने १९६२ साली पुस्तक लिहून मांडली. रोख बर्गमनवर होता. विदरबर्गने १९६३ मध्ये स्वतःचा पहिला मोठा सिनेमा केला तेव्हा कॅमेरा ट्रोएलकडे दिला. कामगार वस्तीतली एक तरुण मुलगी, तिचं बाळंतपण, माल्मोचे रस्ते. स्टुडिओतली शिस्त माहीतच नसलेल्या माणसाने तो सिनेमा टिपला, आणि ते त्याच्या पथ्यावर पडलं.

ट्रोएलचं नशीब असं की त्याच वर्षी स्वीडनमध्ये सिनेमाचं अर्थकारण बदललं. तिकिटावरचा करमणूक कर रद्द झाला आणि त्याऐवजी तिकिटाच्या दहा टक्के रक्कम नव्याने स्थापन झालेल्या स्वीडिश फिल्म इन्स्टिट्यूटकडे जाऊ लागली. त्यातून चांगल्या सिनेमांना मदत मिळायची. अनुभव नसलेल्या माणसावर पैसे लावणं निर्मात्यांना एकदम कमी धोक्याचं वाटू लागलं. एका शाळामास्तराला पहिल्याच पूर्ण लांबीच्या सिनेमासाठी पावणेतीन तास मिळाले, ते या वातावरणात.

तो सिनेमा ‘हिअर इज युवर लाइफ’, १९६६ सालचा. पुढे १९७४ मध्ये नोबेल मिळालेल्या एविंड योनसनच्या आत्मचरित्रात्मक कादंबऱ्यांवर आधारलेला. पहिल्या महायुद्धाच्या काळात उत्तर स्वीडनमधला उलोफ नावाचा एक पोरगा घर सोडून पोटामागे निघतो. नदीतून लाकडाचे ओंडके वाहून नेणाऱ्यांत, वीटभट्टीवर, लाकडाच्या गिरणीत काम करत करत शेवटी सिनेमाच्या थेटरात पोचतो आणि फिरत्या प्रोजेक्टरवाल्यासोबत गावोगाव हिंडतो. कथानक म्हणावं असं फारसं नाही. पण पाणी, भुसा, धूर, गार पडलेले हात यांतून एक मुलगा मोठा होताना आपण बघत राहतो. सिनेमा कृष्णधवल आहे आणि मधेच काही क्षणांना रंग येतो. यात आक्सबर्ग नावाच्या तरुण मुलाभोवती ट्रोएलने स्वीडनचे मातब्बर नट उभे केले आणि कॅमेरा मात्र त्या मुलावर ठेवला.

त्यानंतरचा सिनेमा शाळेचा. स्वीडनमधली मुलं खेळताना कुणावर राज्य येणार ते ठरवायला ‘ओले दोले दोफ’ म्हणतात, आपल्याकडे ‘अडम तडम तडतड बाजा’ म्हणतात तसंच. १९६८च्या या सिनेमाचं स्वीडिश नाव तेच. एका शिक्षकाला वर्ग आवरता येत नाही. तो वाईट माणूस नाही, मुलांवर त्याची मायाही आहे, पण मुलांना त्याची भीती कळली आहे आणि आता ती त्याला सोडत नाहीत. पेर ऑस्करसनने हा शिक्षक केला. चित्रण झालं माल्मोच्या ज्या शाळेत ट्रोएलने स्वतः शिकवलं होतं तिथे, आणि वर्गात बसलेली मुलं खरी विद्यार्थी.

हा सिनेमा पाहताना कॅमेऱ्याकडे लक्ष द्या. मुलांचे चेहरे अनेकदा लांबून, टेलिफोटो लेन्सने टिपल्यासारखे दिसतात. टेलिफोटो म्हणजे दुर्बिणीसारखी लांबचं जवळ आणणारी लेन्स. तिचे दोन गुण इथे कामी येतात. एक, कॅमेरा दूर असल्याने मुलं त्याला विसरतात. दुसरा, या लेन्समध्ये एकच पातळी स्पष्ट येते, पुढचं-मागचं धूसर होतं. पंचवीस मुलांच्या गर्दीत एकच चेहरा धारदार दिसतो, बाकी वर्ग म्हणजे नुसता हलणारा कल्लोळ. वर्गासमोर उभ्या राहिलेल्या घाबरलेल्या मास्तरला वर्ग असाच दिसत असणार. कुणाकडे बघावं ते कळत नाही, आणि ज्याच्याकडे बघावं तोच हसत असतो. हे कुणाला सांगून करून घेता आलं असतं असं मला वाटत नाही. वर्गासमोर अनेक वर्षं उभा राहिलेला माणूसच इथे कॅमेऱ्यामागे होता.

या सिनेमाला बर्लिन महोत्सवात सर्वोच्च सन्मान, गोल्डन बेअर मिळाला. मराठी वाचकाला इथे अविनाश अरुणची आठवण येईल. तोही सिनेमॅटोग्राफर, ‘किल्ला’चं दिग्दर्शन करताना छायाचित्रणही त्याचंच, आणि २०१४ मध्ये बर्लिनच्याच बालविभागात मुलांच्या परीक्षक मंडळाने ‘किल्ला’ला क्रिस्टल बेअर दिलं. त्याच्याही आधी श्याम बेनेगलांचे सिनेमे टिपणाऱ्या गोविंद निहलानींनी तेंडुलकरांच्या पटकथेवर ‘आक्रोश’ केला, तेव्हा कॅमेरा त्यांनी स्वतःकडेच ठेवला होता. ही वाट आपल्याला अगदीच अनोळखी नाही.

आता मुख्य काम. विल्हेल्म मोबर्ग या लेखकाने १९४९ ते १९५९ या काळात चार कादंबऱ्या लिहिल्या, अमेरिकेला गेलेल्या स्वीडिश शेतकऱ्यांच्या. स्वीडनमध्ये त्या घरोघरी वाचल्या गेल्या. कारण साधं होतं. १८५० साली त्या देशाची लोकसंख्या ३५ लाखांच्या आसपास होती, आणि पुढच्या ऐंशी वर्षांत दहा लाखांहून जास्त माणसं देश सोडून गेली. प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी गेलेलं. ट्रोएलने या कादंबऱ्यांचे दोन सिनेमे केले, १९७१चा ‘द एमिग्रंट्स’ आणि १९७२चा ‘द न्यू लँड’. दोन्ही मिळून साडेसहा तास. पटकथा निर्माता बेंग्ट फोर्सलुंड आणि ट्रोएल यांची. दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन ट्रोएलचं.

स्मोलंड हा प्रांत धोंड्यांचा. कार्ल ऑस्कर आणि क्रिस्तिना या जोडप्याच्या शेतात नांगराला माती कमी आणि दगड जास्त लागतात. बापाचा पाय दगडाखाली सापडून मोडतो. दुष्काळ पडतो, कर्जाचं व्याज थकतं. खायला दाणा नाही म्हणून उपाशी असलेली लहान मुलगी ॲना जवाचं न शिजलेलं पीठ अधाशासारखी खाते, ते पोटात फुगतं आणि ती जाते. त्यानंतर क्रिस्तिनाचा विरोध मावळतो. सोबत धर्मगुरूंचा जाच सोसणारा तिचा मामा दान्येल, गावाने वाळीत टाकलेली उलरिका, नवऱ्याचा धाकटा भाऊ रॉबर्ट. १८५० साली हे सगळे ‘शार्लोटा’ नावाच्या शिडाच्या जहाजावर चढतात. दहा आठवडे समुद्र.

ट्रोएल काय करतो ते जहाजाच्या पोटात सगळ्यात नीट दिसतं. काळोख, एखादा कंदील, माणसांवर माणसं, उलट्या, उवा, देवाचा धावा. मोठा सिनेमा असता तर इथे कॅमेरा मागे घेऊन जहाजाची भव्यता दाखवली असती. ट्रोएल प्रवाशांतलाच एक होऊन बसतो. हात दिसतात, घट्ट धरलेलं गाठोडं दिसतं, शेजारच्याचा श्वास दिसतो. मॅक्स फॉन सिडो आणि लिव उल्मन हे तेव्हा बर्गमनचे नट म्हणून जगाला माहीत होते. बर्गमन त्यांचे चेहरे जवळून दाखवायचा ते मनातलं काही बाहेर यावं म्हणून. ट्रोएलही चेहरे जवळून दाखवतो, पण ते चेहरे काम करत असतात. धोंडा उचलताना फॉन सिडोच्या मानेची शीर कशी ताठते ते इथे दिसतं.

दुसऱ्या भागात एक लांब तुकडा आहे, त्याच्यासाठी तरी हा सिनेमा बघा. रॉबर्ट आणि त्याचा साधाभोळा मित्र आर्विद सोनं शोधायला कॅलिफोर्नियाच्या वाटेवर निघतात. रॉबर्ट काही वर्षांनी एकटाच परत येतो, आणि काय घडलं ते आपल्याला त्याच्या आठवणीतून दिसतं. संवाद जवळजवळ नाहीत. ऊन, वाळू, खेचरं, तहान आणि मागे ठोक्यासारखा वाजत राहणारा ताल. रॉबर्टच्या कानाला लहानपणी मालकाने मारल्यापासून दुखणं आहे, तेही त्या आवाजात मिसळून गेलंय. कादंबरीत ज्याला पानंच्या पानं लागतील ते इथे फक्त बघण्यातून कळतं. कॅमेरामन असलेल्या दिग्दर्शकाची ताकद कुठे असते, ते मला या तुकड्यात सापडलं.

ऑस्करमध्ये ‘द एमिग्रंट्स’ला दोन वेगवेगळ्या वर्षी नामांकनं मिळाली. हे कसं, असा गोंधळ अनेकांचा होतो. परभाषिक सिनेमाच्या गटात सिनेमा त्या-त्या देशाकडून पाठवला जातो, म्हणून तिथे तो एका वर्षी आला. इतर गटांसाठी अमेरिकेत प्रदर्शित होणं गरजेचं असतं, ते १९७२ मध्ये झालं, म्हणून पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेत्री आणि पटकथा अशी चार नामांकनं आली. इंग्रजीत नसलेल्या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन मिळण्याची ही केवळ तिसरी वेळ होती. समोर ‘द गॉडफादर’ आणि ‘कॅबरे’ होते, बक्षीस मिळालं नाही. पण हॉलिवूडने त्याला बोलावून घेतलं.

आणि तिथे त्याच्या हातातून कॅमेरा गेला. अमेरिकन स्टुडिओत प्रत्येक कामाची युनियन असते आणि कॅमेरा हाताळणं हे कॅमेरा युनियनच्या माणसांचं काम. हा नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. त्यामुळे कामगारांचे तास आणि मजुरी सांभाळली जाते. पण ट्रोएलसारख्याची अडचण त्यात होते. १९७४ च्या ‘झँडीज ब्राइड’मध्ये जीन हॅकमन आणि लिव उल्मन असे नट होते. छायाचित्रण जॉर्डन क्रोनेनवेथचं, ज्याने पुढे ‘ब्लेड रनर’ टिपला. कामात खोट काढायला जागा नाही, तरी सिनेमा परका वाटतो. मग १९७९ चा ‘हरिकेन’, बोरा बोरा बेटावरचा, निर्माता दिनो दे लॉरेंतीसच्या प्रचंड खर्चाचा. आधी तो रोमन पोलान्स्की करणार होता, नंतर ट्रोएलकडे आला. इथे कॅमेऱ्यावर कोण होतं? स्वेन निकविस्ट. तेव्हा एक ऑस्कर त्याच्या नावावर जमा होतं, दुसरं काही वर्षांत येणार होतं. सिनेमा आपटला.

अपयशाचं सगळं खापर कॅमेऱ्यावर फोडणं अन्यायाचं होईल. पटकथा दुसऱ्याची होती, निर्माता हट्टी होता, प्रकल्प आयत्या वेळी हातात आला होता. तरीही जगातला एक सर्वोत्तम कॅमेरामन दिमतीला असताना ट्रोएलचा सिनेमा उभा राहत नाही, यावरून एक कळतं. त्याला सुंदर चित्र नको होतं. त्याला बघत बघत ठरवायची मोकळीक हवी होती, आणि ती दुसऱ्याच्या डोळ्याने मिळत नाही. निकविस्टचा पिंड वेगळा. त्यानेही दिग्दर्शन केलं, १९९१ चा ‘द ऑक्स’ हा त्याच्या जन्मप्रांतातल्या, स्मोलंडमधल्या दुष्काळाचा सिनेमा परभाषिक ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. पण त्याचं मोठेपण दुसऱ्याच्या मनातला प्रकाश ओळखण्यात होतं आणि तो पुन्हा त्याच कामाकडे वळला. सिनेमॅटोग्राफर दिग्दर्शक होतो म्हणजे नेमकं काय होतं, याचं एकच उत्तर नाही ते असं.

ट्रोएल स्वीडनला परतला आणि त्याने विषय निवडला तो आंद्रेच्या मोहिमेचा. ११ जुलै १८९७ रोजी अभियंता आंद्रे, तरुण निल्स स्ट्रिंडबर्ग आणि क्नूत फ्रेंकेल हे तिघे हायड्रोजनच्या फुग्यातून उत्तर ध्रुवाकडे निघाले. तीन दिवसांत फुगा बर्फावर टेकला. तिथून ते चालत राहिले आणि एका निर्जन बेटावर मेले. १९३० मध्ये त्यांचे अवशेष सापडले, सोबत स्ट्रिंडबर्गचा कॅमेरा आणि फिल्म. ३३ वर्षं बर्फात राहिलेल्या त्या फिल्ममधून स्टॉकहोममध्ये ९३ फोटो वाचवता आले. आडवा पडलेला फुगा आणि त्याच्याकडे बघत उभी दोन माणसं, हा त्यातला सर्वांत ओळखीचा. तिसरा माणूस दिसत नाही, कारण फोटो तो काढतोय. ट्रोएलचा १९८२ चा सिनेमा मला त्या न दिसणाऱ्या तिसऱ्याच्या जागेवरून केल्यासारखा वाटतो. फॉन सिडोने आंद्रेचं काम केलं. सिनेमाला ऑस्करचं नामांकन मिळालं, आणि नंतर ट्रोएलने त्या खऱ्या फोटोंकडे परत जाऊन एक माहितीपटही केला.

पुढच्या सिनेमांचा पल्ला मोठा आहे. ‘इल कापितानो’साठी १९९२ मध्ये बर्लिनला दिग्दर्शनाचं सिल्व्हर बेअर, नाझींची बाजू घेणाऱ्या थोर लेखकाच्या म्हातारपणावरचा ‘हामसुन’, स्वीडनच्या पहिल्या महिला वैमानिकावरचा सिनेमा, २०१२ मध्ये हिटलरविरुद्ध लिहीत राहिलेल्या संपादकावरचा कृष्णधवल सिनेमा. लांबी हा त्याचा दोष आहे आणि तो शेवटपर्यंत राहिला. स्वतः टिपलेलं स्वतःच कापायचं म्हटलं की हात जड होतो. या काळात कॅमेऱ्यावर त्याच्या जोडीला मिशा गाव्रियुशोव दिसतो, पण ट्रोएलचं नाव छायाचित्रणाच्या श्रेयातून गेलं नाही.

२००८ चा ‘एव्हरलास्टिंग मोमेंट्स’ ट्रोएलने सत्तरी उलटून गेल्यावर केला. गोष्ट त्याच्या बायकोच्या नात्यातल्या एका खऱ्या बाईची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं माल्मो, गोदीत काम करणारा, पिऊन हात उगारणारा नवरा, घरभर पोरं. मारिया लार्सनला लॉटरीत एक कॅमेरा मिळालेला असतो. घरात पैसा नाही म्हणून ती तो विकायला पेडरसन या छायाचित्रकाराच्या दुकानात जाते. तो तिला कॅमेरा वापरून बघायला सांगतो. ती शिकते. शेजारणीची मुलगी बुडून मरते तेव्हा त्या मुलीचा फोटो मारियाच काढते, आणि मागे खिडकीच्या काचेला नाक लावून आत बघणारी मुलंही त्यात येतात.

दुकानातला एक प्रसंग आहे. कॅमेरा कसा चालतो हे मारियाला कळत नाही. पेडरसन लेन्स हातात घेतो आणि खिडकीच्या उजेडात धरतो. खिडकीपाशी एक फुलपाखरू फडफडत असतं. लेन्समधून आलेला उजेड मारियाच्या तळहातावर पडतो आणि त्या उजेडात ते फुलपाखरू उतरतं, इवलंसं, पंख हलवणारं. कॅमेऱ्याच्या आत हेच घडत असतं, फक्त तळहाताच्या जागी फिल्म असते.